पंपाच्या बॅटरीवर चालणारा आमचा कॅमेरा

जेवणं आटोपली असतील, भांडी राहिली असतील तर राहू द्या. थोडा वेळ आमच्याजवळ बसा. आम्ही अकोला तालुक्यातल्या, पूर्णाकाठच्या खारपाण पट्ट्यातल्या बचत गटांच्या बाया. गटांचं दप्तर पाहणारी आमच्यातलीच एक जण बोलते आहे, पण जे झालं ते सगळ्यांच्या हातून झालं, म्हणून आम्ही 'आम्ही'च म्हणणार.

आमच्याकडे एक कॅमेरा आहे. म्हणजे आहे मोबाईलच. पण तो एका लाकडी फळीवर बसवला आहे, फळीला खुरप्याच्या दोन मुठी आहेत, आणि त्याची वीज येते ती फवारणीच्या पंपाच्या बॅटरीतून. हसू येतं ना? आमच्या गावातही हसले. कसा केला ते सांगतोच, पण तो करावा का लागला ते आधी ऐका.

२०१७चं खरीप तुम्हाला आठवत असेल. कपाशी डोक्याएवढी वाढली होती आणि फवारणी करता करता माणसं पडत होती. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेनं २०हून जास्त शेतकरी-मजूर गेले. आपल्या भागातही माणसं दवाखान्यात भरती होती. तेव्हापासून कागद पुष्कळ वाटले गेले, भिंतीवर चित्रं लागली. तरी दर पावसाळ्यात आम्ही पाहतो, पंप पाठीवर, तोंडावर काही नाही, आणि ड्रमात औषध कालवायला घरची बाई. फवारणाऱ्या माणसाबद्दल सगळे बोलतात. पाणी आणणारी, औषध मोजणारी, नंतर ते कपडे धुणारी बाई कुणाच्या चित्रात नसते. गेल्या साली पोळा झाल्यावर ग्रामसंघाच्या बैठकीत ठरलं की याचा आपणच व्हिडिओ काढू आणि बाकीच्या गावांतल्या गटांना दाखवू.

आमच्यात एक ताई आहे. नाव सांगत नाही. तिच्या नवऱ्याला त्या वर्षी फवारणीत बाधा झाली, आठ दिवस भरती होता. वाचला, पण एका डोळ्यानं अजून अंधुक दिसतं. ताई बोलायला तयार झाली. आम्ही धुऱ्यावर निंबाखाली बसलो, फोन एका पोरीच्या हातात दिला. ताई बोलत गेली आणि मग तिनं जे सांगितलं ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. त्या दिवशी औषध तिनं कालवलं होतं. दोन औषधं एकात, मापानं नाही, बाटलीच्या झाकणानं, अंदाजानं. आणि काडीनं नाही, हातानं. "लवकर किडे मरावं म्हणून दोन झाकणं जास्त टाकले म्या," ती म्हणाली. इतकी वर्षं ती हे पोटात घेऊन वावरत होती. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

आणि फोन बंद पडला.

चौदा टक्के दाखवत होता हो. जुन्या बॅटरीचं असंच असतं, चौदा दाखवते आणि ऊन लागलं की एकदम मरते. आम्ही म्हटलं, असू दे, झालं तेवढं तरी असेल. घरी येऊन चार्ज केला तर फाईल उघडेचना. पुढे एका मोबाईल दुरुस्तीवाल्या पोरानं कारण सांगितलं. आपण लाल बटण दाबून शूटिंग थांबवतो तेव्हा फोन शेवटी त्या व्हिडिओची अनुक्रमणिका लिहितो, पुस्तकाला असते तशी. ती लिहायच्या आत फोन मेला, तर सगळी पानं असूनही पुस्तक उघडत नाही. म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा: सलग अर्धा तास काढत बसू नका. तीन-चार मिनिटं झाली की थांबवा, पुन्हा सुरू करा. गेला तर एक तुकडा जाईल.

हे शहाणपण आम्हाला नंतर आलं. ताईला सांगितलं तर ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "एकदा सांगतलं. आता नाही सांगत." आम्ही आग्रह केला नाही. कोणत्या तोंडानं करणार?

आता वस्तूकडे येतो. अकोल्यात दुकानात विचारलं तर फोन हातात स्थिर धरायचं यंत्रच आठ-दहा हजारांचं निघालं. गटाचा फिरता निधी त्यावर घालणं बरोबर नव्हतं. तो पैसा शेळीला आहे, बियाण्याला आहे, कुणाच्या दवाखान्याला आहे. आमची कोषाध्यक्ष तर म्हणाली, "कायले पाह्यजे थे? मोबाईल हाये नं!" तिचंही खरं होतं. शेवटी तोड निघाली ती दंडाच्या पेटीची. बैठकीला उशीर झाला, हप्ता चुकला की पाच-दहा रुपये दंड पडतो, तो वेगळा ठेवतो. पेटीत १,७१० रुपये होते. त्याच्या वर एक रुपया जायचा नाही, असा ठराव इतिवृत्तात लिहिला आणि सह्या झाल्या.

फळी सुताराकडून घेतली. एक फूट लांब, चार इंच रुंद, निंबाचा उरलेला तुकडा, त्यानं पैसे घेतले नाहीत. पण म्हणाला, "लाकडाचा कॅमेरा? थे काय खुरपं होय का?" आम्ही त्याला कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांची गोष्ट सांगितली. मूळ आडनाव मिस्त्री. सिनेमा काढायचा होता, पण कॅमेरा परदेशातून आणावा लागे. मग त्यांनी आणि त्यांचे शिष्य विष्णुपंत दामले यांनी १९१८च्या सुमारास कोल्हापुरातच आपल्या हातांनी कॅमेरा तयार केला आणि त्यावर 'सैरंध्री' हा सिनेमा काढला, १९२०मध्ये लोकांनी तो पाहिला. त्यांच्या कंपनीला पैशाचा हात दिला तानीबाई कागलकर या गायिकेनं. बाईच्या पैशावर सिनेमा उभा राहिला, हे आमच्या कोषाध्यक्षेनं मान हलवून ऐकून घेतलं. पुढे १९२५मध्ये याच बाबूरावांनी 'सावकारी पाश' काढला, कर्जापायी जमीन गेलेल्या शेतकऱ्याचा. बचत गटवाल्या बायांना त्या गोष्टीचा अर्थ सांगायला नको. आणि एक मौज. त्या काळच्या कॅमेऱ्याला बॅटरीच नव्हती, बाजूचा दांडा हातानं फिरवत राहायचं. आमची सगळी कटकट बॅटरीची, आणि त्यांच्याकडे ती नव्हतीच.

तर फळी. तिच्या दोन टोकांना खुरप्याच्या दोन मुठी बसवल्या, बाजारात वीस-वीस रुपयांना मिळतात. सायकलचं हँडल धरल्यासारखं दोन्ही हातांनी धरता येतं. एका हातात फोन धरला की तो डुलतो, दोन हातांनी, कोपरे अंगाशी लावून धरला की थरथरत नाही. फळीच्या मधोमध एक भोक, त्यातून पाव इंची बोल्ट वर काढला आणि त्यावर फोन पकडणारा होल्डर फिरवून बसवला. ही गंमत आम्हाला कुणी सांगितली नव्हती: कॅमेऱ्याच्या स्टँडला जगभर जो स्क्रू चालतो तो पाव इंचीच असतो, म्हणून हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट त्यात बसतो. फक्त आधी हातानं फिरवून पाहा, जबरदस्ती करू नका, आणि लांब बोल्ट घेऊन आत रुतवू नका.

फळीच्या खाली पॉवर बँक. ती बांधायला सायकलच्या जुन्या ट्यूबचे पट्टे कापले. ट्यूबसारखं काही नाही बायांनो, घट्ट बसतं, घसरत नाही आणि फुकट. चार्जिंगची वायर फळीला दोन ठिकाणी बांधून मग फोनला लावली. असं केलं नाही तर वायर ओढली गेली की ताण थेट फोनच्या भोकावर येतो आणि ते ढिलं पडतं. मग चार्जिंग होतं आहे असं वाटतं आणि होत नसतं.

पॉवर बँकेवर १०,००० लिहिलं होतं, आमच्या फोनच्या बॅटरीवर ५,०००. म्हणजे दोनदा भरेल, असा आमचा हिशोब. भरला दीडदा. फसवलं म्हणून भांडायला निघालो होतो, पण तसं नसतं. तो आकडा आतल्या सेलचा, साधारण ३.७ व्होल्टवरचा. फोनला देताना ते ५ व्होल्ट करावे लागतात आणि त्यात काही वीज उष्णता होऊन जाते. पन्नास किलो कापूस नेला आणि सरकी काढल्यावर तेवढीच रुई मिळाली नाही म्हणून कुणी भांडत नाही, तसंच हे. घरच्या कामाला ही पॉवर बँक पुरते. पण दिवसभर शेतात, चार बायांच्या मुलाखती, आणि गावात वीज रात्री कधी येईल त्याचा नेम नाही, अशा वेळी पुरत नाही.

इथे पंप कामी आला. बॅटरीवर चालणारा पाठीवरचा पंप आता घरोघरी आहे. त्यात बहुतेक १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची बॅटरी असते. बारा गुणिले आठ, ९६. आमची पॉवर बँक त्याच मापात ३७. म्हणजे अडीच पॉवर बँका त्या डब्यात झाल्या. ही बॅटरी शिशाची असते, ती पूर्ण उतरवली तर लवकर मरते, म्हणून निम्मीच वापरायची. निम्मी म्हटली तरी ४८. शूटिंग चालू असताना फोन तासाला चारच्या आसपास खातो. गळती धरली तरी दिवस निघतो. एका सदस्येच्या घरी मोटर जळालेला पंप गोठ्यात पडला होता, बॅटरी मात्र चांगली होती.

तिला थेट फोन लावायचा नाही. हे आम्ही दोनदा सांगतो. बॅटरी १२ व्होल्टची आहे, फोन ५ व्होल्टचा. थेट जोडाल तर फोन जळेल. मध्ये चारचाकी गाडीत वापरतात तो मोबाईल चार्जर लागतो, तो १२चे ५ करतो. तो ज्यात खुपसायचा ती खोबण वायर-चिमट्यांसकट मिळते. लाल चिमटा अधिकला, काळा उण्याला, आणि लाल वायरीत बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज. फ्यूज मोटरसायकल मेकॅनिककडून बसवून घेतला, वीस रुपये. त्या वीस रुपयांवर आमच्यात वाद झाला होता, कशाला म्हणून. आणि तिसऱ्याच दिवशी एकीच्या हातातली पाटली बॅटरीच्या दोन्ही टोकांना एकदम टेकली. फटकन ठिणगी उडाली, पाटली तापली, मनगटाला चटका बसला. तिथे फ्यूजही मदत करत नाही, कारण तो टोकांच्या पुढे वायरीत असतो. तेव्हापासून टोकांवर ट्यूबच्या रबराची टोपी, आणि बॅटरी हाताळताना हातात धातूचं काही नाही. काचेच्या बांगड्या चालतात.

दुसरं असं की पंपातली बॅटरी म्हणजे विषाच्या डब्यातली बॅटरी. ज्या गोष्टीचा व्हिडिओ काढायचा तीच गोष्ट हाताला लावून घेण्यात काय शहाणपण? रबरी हातमोजे घालून, साबणाच्या ओल्या फडक्यानं बाहेरून पुसली, पुन्हा साध्या ओल्यानं, टोकांना पाणी लागू दिलं नाही, दोन दिवस वाळवली. ती परत पंपात जात नाही, स्वयंपाकघरात ठेवत नाही आणि लेकरांच्या हाती देत नाही. वजन अडीच किलोच्या घरात आहे, म्हणून फळीवर नाही, खांद्याच्या पिशवीत उभी ठेवतो. पिशवीतून वायर फळीकडे. वायर फार लांब आणि बारीक घेतली तर चार्जिंग रडत रडत होतं. आमची पहिली तीन मीटरची होती, वाया गेली. आता एक मीटरची जाड आहे.

भंगारातले सुटे लिथियमचे सेल जोडून पॉवर बँक करायची असं एका पोट्ट्यानं सुचवलं होतं, स्वस्तात होते म्हणे. नाही म्हटलं. ते सेल चुकीचे जोडले तर पेट घेतात. फुगलेली पॉवर बँकही वापरू नका, किती का महाग असेना. आणि आपलं अकोल्याचं ऊन! मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, आणि लिथियमची बॅटरी ४५च्या वर चार्ज करू नये असं तिच्या जातीचंच बंधन आहे. उन्हात फोन याहून कितीतरी जास्त तापतो. म्हणून सकाळी दहाच्या आत किंवा चारनंतर, आणि शूटिंग करणारीच्या शेजारी एक जण पांढऱ्या ओढणीची सावली धरून उभी. ओढणी फोनवर टाकायची नाही, वर धरायची.

आवाजाचं थोडक्यात. शेतात वारा असतो, म्हणून पदराला लावायचा वायरवाला माईक घेतला. पण गाडीच्या चार्जरवर फोन असला की रेकॉर्डिंगमध्ये बारीक घरघर येते. यावर उपाय साधा निघाला. माईक दुसऱ्या फोनला लावायचा, तो बोलणारीच्या कमरेच्या पिशवीत, त्यात फक्त आवाज. दोन्ही फोन सुरू झाले की समोर एक टाळी वाजवायची. नंतर चित्रातली टाळी आणि आवाजातली टाळी जुळवली की सगळं जुळतं.

हिशोब ऐका. पॉवर बँक ८००, माईक २२०, गाडीचा चार्जर १८०, वायर १५०, होल्डर १२०, खोबण-चिमटे ९०, मुठी ४०, बोल्ट-वायसर २०, फ्यूज २०. झाले १,६४०. सत्तर रुपये उरले, ते पेटीत परत गेले. तीन मीटरची वायर जिनं हट्टानं घेतली होती तिनं ते पैसे स्वतःचे भरले. ती कोण हे सांगणार नाही, पण दप्तर तिच्याकडेच असतं.

कॅमेरा धरायचा कुणी, यावरही बोलणं झालं. पोरांना द्या, त्यांना जमतं, असं बऱ्याच जणी म्हणाल्या. आम्ही पस्तापूरचं सांगितलं. तेलंगणात जहीराबादजवळ हे गाव आहे, तिथं डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था. तिथल्या शेतमजुरी करणाऱ्या दलित बाया, कित्येकींना लिहिता-वाचता येत नाही, त्या कॅमेरा चालवायला शिकल्या. वारंगळकडच्या बीटी कपाशीचं काय झालं ते शेतकऱ्यांना विचारत २००३मध्ये त्यांनी फिल्म केली. २००८मध्ये त्या संस्थेच्या बायांचा संगम रेडिओही सुरू झाला. कपाशीचं दुखणं तिकडेही तेच, इकडेही तेच. आणि नुसत्या धरण्याचाच प्रश्न असेल तर खुरप्याची मूठ आमच्याइतकी कुणी धरली आहे?

सीतादही झालं, वेचणी लागली. एक दिवस आम्ही वेचणीच्या बायांवर कॅमेरा लावून पाहत होतो, तर ती ताई ओटीत कापूस घेऊन जवळ आली. पिशवीतली बॅटरी उचलून पाहिली. "हे आता बंद नाही पडत?" म्हटलं, "संध्याकाळपर्यंत नाही." ओटी सोडली आणि म्हणाली, "मंग बसा."

या वेळी तिनं जास्त सांगितलं. घरून रिकामी बाटली आणली होती. तिच्यावरचा त्रिकोण दाखवला: लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, हिरवा सगळ्यात सौम्य, पण विष चारही. "आमच्या बाटलीवर लाल होता. रंग पाह्यला होता म्या, पण थे काय असते मले माहीत नव्हतं." दोन औषधं मनानं एकत्र करू नका, मापाचं भांडं वापरा, लांब काडीनं ढवळा, फवारणीचे कपडे बाकीच्या धुण्यात टाकू नका, हे तिनं कागदावरून वाचलं नाही, एकेक करत हातानं करून दाखवलं. चौदा तुकड्यांत काढलं. एकही गेला नाही.

मग प्रश्न आला दाखवण्याचा. हा आमच्या मते कॅमेऱ्याहून अवघड भाग आहे. ती बोलली म्हणजे गावोगाव दाखवायची परवानगी दिली, असं होत नाही. आम्ही तिला फोन दिला, म्हटलं, आधी तू पाहा, नको म्हणशील तर इथंच पुसून टाकू. ती दोन दिवस फोन घरी घेऊन गेली. तिनं एकटीनं नाही पाहिला, नवऱ्याला शेजारी बसवून पाहिला. तो काही बोलला नाही म्हणे, उठून अंगणात गेला. रात्री जेवताना एवढंच म्हणाला, "हे मले काऊन नाही सांगतलं?" तिसऱ्या दिवशी ती फोन घेऊन आली आणि म्हणाली, नाव काढा, बाकी राहू द्या. आतापर्यंत सहा गावांच्या बैठकीत तो दाखवला. प्रत्येक ठिकाणी संपल्यावर आधी शांतता होते आणि मग कुणीतरी म्हणतंच, आमच्याकडंही मीच कालवते.

सध्या फळी त्या ताईकडेच असते. पुढचा व्हिडिओ ती काढते आहे, घरच्या घरी सोयाबीन बियाण्याची उगवण कशी तपासायची याचा. शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवले आहेत, रोज सकाळी दोन मिनिटांचा तुकडा घेते.

तुमच्या गोठ्यात मोटर जळालेला पंप पडला असेल तर तो भंगारवाल्याला द्यायच्या आधी बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावा. सकाळी चार्जर काढा, तीन-चार तास जाऊ द्या, मग गावातल्या वायरमनकडून मीटर लावून घ्या. साडेबाराच्या वर काटा असला तर ती कामाची आहे. अकराच्या खाली असला तर तिचा नाद सोडा, पण उकिरड्यावर फेकू नका, आत शिसं आणि आम्ल असतं. बॅटरीच्या दुकानदाराला द्या, जुन्या बॅटरीचे तो पैसेही देतो. आणि हात धुवा.